विश्लेषण : दुरुस्तीच्या दुकानातून घडलेली शॉटगन... कोण होते जॉन ब्राउनिंग?

पाच काडतुसे, एक चाप आणि प्रत्येक बारानंतर आपोआप भरली जाणारी बारा बोरची बंदूक. आज यात कोणाला नवल वाटणार नाही. मात्र १९०० साली ही कल्पना मोठमोठ्या कारखान्यांनाही झेपत नव्हती. ती प्रत्यक्षात आणली अमेरिकेच्या युटामधील एका बंदूक दुरुस्ती करणाऱ्याच्या मुलाने. जॉन मोझेस ब्राउनिंग हे त्यांचे नाव. त्यांची ‘ऑटो-५’ ही अर्धस्वयंचलित शॉटगन जवळपास शंभर वर्षे तयार होत राहिली. तिचे सुटे भाग आजही अमेरिकेतील अनेक घरांत, गॅरेजमधील कामाच्या टेबलावर बदलले जातात. हे शक्य झाले, कारण ती बंदूक आखणारा माणूस आधी दुरुस्ती करणारा होता. त्यांच्या आयुष्याचा आणि या बंदुकीचा हा आढावा.

ब्राउनिंग घराणे युटात कसे आले?

जॉन यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग मूळचे टेनेसीचे. लोहारकाम आणि बंदुका दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. पुढे ते इलिनॉयमध्ये गेले आणि तेथे त्यांनी मॉर्मन पंथ स्वीकारला. पंथीयांना छळामुळे पश्चिमेकडे स्थलांतर करावे लागले. या वाटेवर जोनाथन यांनी स्थलांतरितांच्या बंदुका बनवल्या आणि दुरुस्तही केल्या. १८५२ मध्ये ते ऑग्डेन या वस्तीत पोहोचले आणि तिथेच त्यांनी दुकान थाटले.

याच गावात २३ जानेवारी १८५५ रोजी जॉन यांचा जन्म झाला. त्या काळच्या मॉर्मन प्रथेप्रमाणे जोनाथन यांचे तीन विवाह झाले होते आणि त्यांना एकूण २२ अपत्ये होती. घर मोठे, पैसा बेताचा. शाळेपेक्षा दुकानातच मुलाचा अधिक वेळ जाई.

दुकानात काय शिकायला मिळाले?

सरहद्दीवरच्या गावातले दुकान म्हणजे सगळ्या प्रकारच्या मोडतोडीचा अड्डा. शेतकरी, शिकारी, मालवाहू गाड्यांचे चालक असे सारे आपापल्या बंदुका घेऊन येत. कोणाचा घोडा तुटलेला, कोणाची स्प्रिंग बसलेली, कोणाचा दस्ता मधोमध चिरलेला. सुटा भाग विकत मिळण्याची सोय नव्हती. भट्टी, ऐरण, कानस आणि पायाने चालवायचा लेथ यांवर तो भाग नव्याने घडवावा लागे.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास जॉन यांनी दुकानातल्या भंगारातून पहिली बंदूक जुळवली. जुन्या बंदुकीची टाकून दिलेली नळी आणि लाकडाचा ओबडधोबड तुकडा एवढेच तिचे भांडवल. धाकटा भाऊ मॅट सोबतीला होता. या बंदुकीने पाखरे टिपून दोघांनी घरी न्याहारीची सोय केली, अशी आठवण ब्राउनिंग कुटुंबात सांगितली जाते.

गंमत बाजूला ठेवली तरी या दुकानाने दिलेले शिक्षण महत्त्वाचे होते. कारखान्यातला अभियंता बंदूक नवी असताना पाहतो. दुरुस्ती करणारा मात्र ती दहा वर्षे धुळीत, पावसात आणि निष्काळजी हातांत राहिल्यानंतर पाहतो. कोणता भाग आधी झिजतो, कोणता स्क्रू सैल होतो, मालक कुठे चुकतो, हे सारे जॉन यांना नकाशा हाती धरण्याआधीच ठाऊक झाले होते. मोठेपणीही त्यांची कामाची रीत तीच राहिली. यंत्रणा आधी डोक्यात पूर्ण जुळवायची, कागदावर जुजबी रेघोट्या ओढायच्या आणि थेट धातूचा नमुना घडवायचा.

विंचेस्टरशी नाते कसे जुळले?

१८७९ हे वर्ष जॉन यांच्यासाठी सर्वच अर्थांनी निर्णायक ठरले. एप्रिलमध्ये रेचल चाइल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जूनमध्ये वडील गेले. ऑक्टोबरमध्ये एकबारी रायफलीसाठी त्यांना पहिले पेटंट मिळाले. त्या वेळी ते २४ वर्षांचे होते.

भावंडांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना उभारला आणि या रायफली हाताने बनवायला सुरुवात केली. त्यांतली एक विंचेस्टर या बड्या कंपनीच्या हाती लागली. १८८३ मध्ये कंपनीचे अधिकारी टी. जी. बेनेट स्वतः रेल्वेने ऑग्डेनला आले आणि ८ हजार डॉलरमध्ये त्यांनी रायफलीचे हक्क विकत घेतले.

पुढची १९ वर्षे ब्राउनिंग आखत गेले आणि विंचेस्टर विकत घेत गेली. १८८६ आणि १८९४ च्या लिव्हर रायफली, १८८७ ची लिव्हर शॉटगन, १८९७ ची पंप शॉटगन या सर्व त्यांच्याच. व्यवहार मात्र एकाच पद्धतीचा होता. एकदा ठोक रक्कम द्यायची आणि सर्व हक्क कंपनीचे. कंपनीने त्यांच्याकडून सुमारे ४४ आराखडे घेतले, पण त्यांपैकी जेमतेम १० बाजारात आणले. उरलेले प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत, एवढ्याचसाठी कपाटात गेले.

गवताच्या पात्यांनी काय शिकवले?

१८८९ च्या सुमारास नेमबाजी करताना ब्राउनिंग यांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. गोळी सुटली की नळीच्या तोंडाशी असलेले गवत झोतामुळे वाकत होते. दारूच्या वायूची ही ताकद दर बाराला वाया जात होती. तिच्याकडूनच पुढचे काडतूस भरून घेतले तर? घरी येऊन त्यांनी नळीच्या तोंडासमोर छिद्र असलेला लोखंडी तुकडा ठेवून प्रयोग सुरू केले. त्यातून वायूच्या दाबावर चालणारी मशीनगन तयार झाली. कोल्ट कंपनीने ती १८९५ मध्ये बाजारात आणली.

पिस्तुलात त्यांनी वायूऐवजी धक्क्याचा, म्हणजे गोळी पुढे जाताना बंदूक मागे ढकलली जाते त्या बळाचा उपयोग केला. बेल्जियममधील एफएन कंपनीने १८९७ पासून त्यांच्याशी करार केले आणि त्यांच्या पिस्तुलांना युरोपात मोठी मागणी आली. शॉटगन मात्र या दोन्हींपेक्षा अवघड निघाली.

अर्धस्वयंचलित शॉटगनमध्ये अडचण काय होती?

रायफलीचे किंवा पिस्तुलाचे काडतूस साधारण एकाच ताकदीचे असते. शॉटगनचे तसे नसते. पाखरांसाठी हलके, बदकांसाठी जड. दारू कमीअधिक, छऱ्यांचे वजन कमीअधिक. त्या काळी काडतुसाची नळकांडी कागदाची असत. दमट हवेत ती फुगत आणि अडकत. काळी दारू मागे पडून धूरविरहित दारू नुकती रुळत होती. हलक्या काडतुसाला पुरेल इतकी सैल यंत्रणा केली, तर जड काडतूस तिच्या ठिकऱ्या उडवणार. जड काडतुसासाठी घट्ट केली, तर हलक्या काडतुसाने ती हलणारच नाही. या एका बंदुकीवर ब्राउनिंग यांनी सुमारे दोन वर्षे घालवली.

त्यांनी काढलेला मार्ग असा. बार उडाला की नळी आणि तिच्या मागचा बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीत एकत्रच मागे सरकतात. दोन्ही पूर्ण मागे गेले की बोल्ट तिथेच धरला जातो आणि स्प्रिंगच्या जोरावर नळी एकटी पुढे जाते. या वेळी रिकामे नळकांडे बाहेर फेकले जाते. मग बोल्ट सुटतो आणि पुढे जाताना नवे काडतूस नळीत ढकलतो. मागे जाण्याचे अंतर लांब असल्यामुळे या पद्धतीला ‘लाँग रिकॉइल’ म्हणतात. बंदुकीची मागची बाजू उंच आणि चौकोनी राहिल्यामुळे तिला ‘हंपबॅक’, म्हणजे कुबडवाली, असे टोपणनाव पडले.

कड्यांची करामत काय?

खरी युक्ती पुढच्या लाकडी हातधराखाली दडलेली आहे. तिथे काडतुसांच्या नळीभोवती एक जाड स्प्रिंग असते. तिच्यासोबत कांस्याचे एक चिरलेले कडे आणि उतरत्या कडेचे एक पोलादी कडे. नळी मागे येऊ लागली की ही कडी एकमेकांवर दाबली जातात, कांस्याचे कडे आतल्या नळीला घट्ट आवळते आणि ब्रेकसारखे काम करते.

जड काडतुसे वापरायची असतील, तर पोलादी कडे स्प्रिंग आणि कांस्याच्या कड्याच्या मध्ये ठेवायचे. हलकी वापरायची असतील, तर तेच कडे काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला, बंदुकीच्या मुख्य सांगाड्याला टेकवून ठेवायचे. तिथे ते काही काम करत नाही आणि ब्रेक सैल पडतो. यासाठी कारखान्यात जावे लागत नाही. पुढची टोपी फिरवून काढली, हातधर आणि नळी बाजूला केली की कडी हाताशी येतात.

म्हणजे काडतूस बदलले तर बंदूक जुळवून घेण्याचे काम मालकाच्या हाती सोपवले गेले. दुरुस्तीच्या दुकानात वाढलेल्या माणसालाच असा विश्वास टाकणे सुचू शकते. मात्र विश्वासासोबत जबाबदारीही आली. हलक्या मांडणीत जड काडतुसे वापरली, तर नळी मागच्या बाजूला आदळत राहते आणि हातधराचे लाकूड चिरते. जुन्या ‘ऑटो-५’ बंदुकांमध्ये सर्वाधिक दिसणारी मोडतोड हीच. दोष बंदुकीचा नसतो, कडी चुकीच्या जागी असतात किंवा स्प्रिंग दमलेली असते.

विंचेस्टरशी फारकत का झाली?

१९०० मध्ये पेटंट मिळाल्यावर ब्राउनिंग यांनी प्रथेप्रमाणे बंदूक विंचेस्टरपुढे ठेवली. पण या वेळी त्यांची अट वेगळी होती. ठोक रक्कम नको, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे स्वामित्वधन हवे. कंपनीने आजवर असे कोणालाही दिले नव्हते. शिवाय नवी बंदूक आपल्याच पंप शॉटगनचा बाजार खाईल, ही धास्ती होती. निर्णय लांबत गेला आणि १९०२ मध्ये बेनेट यांच्याशी झालेल्या भेटीत १९ वर्षांचे नाते संपले.

त्यानंतर ब्राउनिंग रेमिंग्टनकडे वळले. ८ जानेवारी १९०२ रोजी कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली होती. ब्राउनिंग कार्यालयात थांबलेले असतानाच हार्टली यांचा हृदयविकाराने मृत्यू झाल्याची बातमी आली. आता उरला एकच पर्याय. नमुना सोबत घेऊन ते जहाजाने बेल्जियमला गेले. मार्च १९०२ मध्ये एफएनशी करार झाला. बंदूक खपेल याची खात्री इतकी, की पहिल्या १० हजार बंदुकांची मागणी ब्राउनिंग यांनी स्वतःच नोंदवली. पुढे १९०५ पासून रेमिंग्टननेही परवाना घेऊन हीच बंदूक अमेरिकेत बनवली आणि ती नंतर ‘मॉडेल ११’ या नावाने ओळखली गेली.

नक्कल टाळण्याच्या नादात काय घडले?

विंचेस्टरला आता स्वतःची अर्धस्वयंचलित शॉटगन हवी होती, पण वाटेत ब्राउनिंग यांची पेटंट उभी होती. त्यांत बोल्ट मागे ओढण्याच्या मुठीचाही समावेश होता. म्हणून १९११ मध्ये आलेल्या विंचेस्टरच्या शॉटगनला ही मूठच नव्हती. बोल्ट मागे घ्यायचा तर नळीच हाताने धरून मागे ओढायची, अशी रचना होती. पकड मिळावी म्हणून नळीवर खाचा पाडलेल्या होत्या.

कागदी काडतूस फुगून अडकले की घोटाळा होई. दस्ता जमिनीवर टेकवून लोक नळी वरून खाली दाबत. अशा वेळी नळीचे तोंड स्वतःच्याच चेहऱ्याकडे असे. यात काही जणांचे जीव गेले आणि या बंदुकीला विधवा करणारी बंदूक असे भीषण नाव पडले. तिच्यातील धक्का शोषणाऱ्या चकत्याही काळाबरोबर भुगा होत आणि दस्ता फुटे. १९२५ मध्ये तिचे उत्पादन थांबले. एका छोट्या मुठीची किंमत किती असते, हे यातून कळते. अडकलेले काडतूस काढताना मालक काय करील, याचा विचार आखणीतच व्हायला हवा. ब्राउनिंग यांनी तो केला होता.

घरी काय बदलता येते, काय नाही?

अमेरिकेत स्वतःच्या वैध बंदुकीची दुरुस्ती घरी करण्यास सर्वसाधारणपणे संघीय परवाना लागत नाही. व्यवसाय म्हणून दुरुस्ती करायची असेल, तर १९६८ च्या कायद्यानुसार तो लागतो. त्यामुळे जुन्या ‘ऑटो-५’ घरीच दुरुस्त करणाऱ्यांची मोठी जमात तिथे आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत, हा त्यांचा पहिला नियम.

नळीची मोठी स्प्रिंग, कांस्याचे कडे, पोलादी कडे, लाकडी हातधर ही बदलण्याची नेहमीची यादी. सांगाड्यातले मुख्य स्क्रू मात्र वेगळे प्रकरण आहे. प्रत्येक मोठ्या स्क्रूला शेजारचा छोटा स्क्रू अडवून धरतो. हा आधी काढला नाही किंवा खाचेत नीट न बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरला, तर खाच कायमची बिघडते. काडतुसांच्या नळीवर भरपूर तेल ओतणे हीसुद्धा नेहमीची चूक. तेलाने घर्षण कमी होते आणि ब्रेक निकामी ठरतो.

नळी बदलणे सर्वांत नाजूक. दिसायला सारख्या असल्या तरी रेमिंग्टन ‘मॉडेल ११’ आणि बेल्जियन ‘ऑटो-५’च्या नळ्या सरळ अदलाबदल करता येत नाहीत. मॅग्नम बंदुकीची नळी साध्या बंदुकीला चालत नाही. १६ बोरच्या सुरुवातीच्या बंदुकांमध्ये काडतुसाचे घर आजच्या काडतुसापेक्षा आखूड आहे. जुन्या बेल्जियन नळ्यांतून पोलादी छरे उडवू नयेत, असे सांगितले जाते, कारण नळी फुगू शकते. बोल्ट आणि नळी यांच्या कुलुपबंद जोडाशी संबंधित काम जाणकार कारागिराकडेच द्यावे लागते. तिथली चूक लाकडाला नव्हे, माणसाच्या डोळ्याला आणि हाताला भोवते.

पहिल्या महायुद्धात काय घडले?

कोल्टने बनवलेले ब्राउनिंग यांचे .४५ पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये स्वीकारले. त्याआधीच्या चाचणीत त्यातून ६ हजार गोळ्या विनाअडथळा झाडल्या गेल्या. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा ब्राउनिंग यांच्याकडे पाण्याने थंड होणारी मशीनगन आणि ‘बीएआर’ ही स्वयंचलित रायफल तयार होती. मशीनगनच्या चाचणीत २० हजार गोळ्या एकदाही न अडकता सुटल्या. दुसरी बंदूक सलग ४८ मिनिटे चालवून दाखवण्यात आली.

स्वामित्वधनासाठी विंचेस्टरशी संबंध तोडणाऱ्या याच माणसाने सरकारकडून मात्र साडेसात लाख डॉलरची ठोक रक्कम स्वीकारली. युद्धकाळात स्वामित्वधनाने मिळाली असती, त्यापेक्षा ती कितीतरी कमी होती. त्यांचे पुत्र व्हॅल लेफ्टनंट म्हणून फ्रान्समधील आघाडीवर होते, वडिलांनी आखलेली रायफल घेऊनच.

या यशाची दुसरी बाजू कोणती?

भरवशाची बंदूक कोणाच्याही हातात तितकीच भरवशाची असते. जून १९१४ मध्ये साराजेव्हो येथे आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली, ती एफएनने बनवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने. त्यानंतर पेटलेल्या महायुद्धात लाखो माणसे मेली.

घरच्या दुरुस्तीलाही अशीच दुसरी बाजू आहे. १९३० च्या दशकात बोनी आणि क्लाइड या कुख्यात जोडीतील क्लाइड बॅरो याच्याकडे नळी कापून आखूड केलेल्या बंदुका होत्या. रेमिंग्टन ‘मॉडेल ११’ आणि ‘बीएआर’ ही त्याची आवडती हत्यारे. दोन्ही मूळची ब्राउनिंग यांची. मे १९३४ मध्ये ही जोडी मारली गेली. त्या काळातील टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर जून १९३४ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने १८ इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनवर नोंदणी आणि कर लादला. दुरुस्ती कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो, याची रेघ अमेरिकेत तेव्हा इंचांत आखली गेली.

भारताशी काय संबंध?

भारतीय लष्कर आणि पोलीस दलांनी दीर्घकाळ वापरलेले ९ मिमी पिस्तूल म्हणजे ब्राउनिंग यांच्या ‘हाय-पॉवर’ची इथली आवृत्ती. ते पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात बनते. गावठी पिस्तुले पकडल्याच्या बातम्यांत नेहमी येणारा ७.६५ मिमी हा आकडाही ब्राउनिंग यांनीच आखलेल्या काडतुसाचा आहे.

मात्र घरी बंदूक उघडून भाग बदलण्याची अमेरिकी मोकळीक इथे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकांची निर्मिती, विक्री, त्यांत बदल आणि दुरुस्ती हे सारे परवान्याच्या कक्षेत येते. परवानाधारकानेही बारा बोरची बंदूक परवानाधारक दुरुस्ती दुकानातच न्यावी लागते.

अखेर कशी झाली?

एकूण १२८ पेटंट ब्राउनिंग यांच्या नावावर आहेत. १९१४ मध्ये बेल्जियमच्या राजाने त्यांचा सन्मान केला. आयुष्यभराचा साथीदार असलेला भाऊ मॅट १९२३ मध्ये गेला. तरीही ब्राउनिंग यांच्या बेल्जियमच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजजवळच्या एफएन कारखान्यात, पुत्र व्हॅल यांच्या विभागात काम करत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. त्यांनी आखलेली दुनळी शॉटगन व्हॅल यांनी पुढे नेली. पिस्तुलाचे काम एफएनमधील दिओदोने सेव्ह यांनी १९३५ मध्ये पूर्णत्वाला नेले. तेच ‘हाय-पॉवर’.

‘ऑटो-५’ने तिच्या निर्मात्यापेक्षा कितीतरी मोठे आयुष्य पाहिले. १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम व्यापल्यावर तिचे उत्पादन अमेरिकेत रेमिंग्टनकडे गेले, नंतर परत आले. १९७० च्या दशकात ते जपानमधील मिरोकू कारखान्यात हलले आणि १९९८ मध्ये थांबले. तोवर सुमारे २७ लाख बंदुका तयार झाल्या होत्या.

ऑग्डेनच्या जुन्या रेल्वे स्थानकात आता ब्राउनिंग यांच्या शस्त्रांचे संग्रहालय आहे. त्याबाहेर, अनेकांच्या घरी, आजोबांची कुबडवाली बंदूक अजूनही भिंतीवर आहे. शिकारीचा हंगाम आला की कोणीतरी पुढची टोपी फिरवतो, स्प्रिंग तपासतो आणि कडे कोणत्या बाजूला आहे ते पाहतो. शंभर वर्षांपूर्वी ब्राउनिंग यांनी मालकावर सोपवलेले काम एवढेच होते. ते नीट केले, तर बंदूक आजही चालते.